शेततळ्यातल्या माशाचं बरं चाललंय का?

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, चांदवड, येवला, सिन्नर या पट्ट्यात द्राक्षबागेच्या किंवा कांद्याच्या वावराच्या कडेला प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं आता जागोजाग दिसतं. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि त्यांची संख्या आणखी वाढली. तळं खोदलं जातं ते उन्हाळ्यात बाग जगवायला. पण पावसाळ्यात भरलेलं पाणी पुढे कितीतरी महिने नुसतं उभं असतं. मग त्यात रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, सोडायची आणि वर्षाकाठी चार पैसे जास्तीचे मिळवायचे, असा हिशोब बऱ्याच जणांनी केला. कुणी चिलापी सोडतं, कुणी पंगस. काहींनी परसात ताडपत्रीच्या टाक्या उभारून बायोफ्लॉक, म्हणजे सतत हवा सोडून टाकीत दाट मासे वाढवायची पद्धत, सुरू केलं.

या सगळ्यात चर्चा होते ती शेवटी किती किलो निघाले याची. गाय चारा खाईना की घरातलं लहान पोरही सांगतं, "तिला बरं नाहीये." मासा मात्र पाण्याखाली, नजरेआड. तो मेला की वर येतो, तेव्हाच दिसतो. त्याआधीच्या आठ-दहा महिन्यांत त्याचं कसं चाललं होतं हे विचारायची आपल्याला सवय नाही.

हा प्रश्न आकारानंही लहान नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये जगात पहिल्यांदाच समुद्र-नद्यांतून पकडलेल्यापेक्षा पाळून वाढवलेले जलचर जास्त भरले: ९.४४ कोटी टन. कोंबड्या-बकऱ्यांची मोजदाद नगावर होते, माशांची टनावर. त्यामुळे जीव किती, हे अंदाजानंच सांगावं लागतं. २०१९ सालासाठी संशोधकांनी केलेला अंदाज ७,८०० कोटी ते १७,१०० कोटी पाळीव मासे असा आहे. अंदाजाच्या दोन टोकांत नऊ हजार कोटींचा फरक राहतो, यावरूनच आपण या जिवांकडे किती लक्ष देतो ते कळतं.

पण माशाला दुखतं का?

इथे अनेकांची गाडी अडते. मासा ओरडत नाही, त्याचा चेहरा बदलत नाही. २००३ मध्ये स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट या थंड पाण्यातल्या माशांच्या ओठात मधमाशीचं विष किंवा अॅसेटिक आम्ल टोचलं. आधी त्यांनी माशाच्या डोक्यात इजा ओळखणाऱ्या मज्जातंतूंची टोकं आहेत हे दाखवलं होतं, जशी आपल्या त्वचेत असतात. टोचलेले मासे तळाशी बसून अंग डोलवायला लागले, काहींनी ओठ खडीवर घासले, आणि जवळपास तीन तास अन्नाला तोंड लावलं नाही. मॉर्फिन दिल्यावर हे घासणं-डोलणं कमी झालं. नुसती आपोआप होणारी झटक्याची हालचाल असती, तर तीन तास उपाशी राहायचं कारण नव्हतं.

सगळ्यांना हे मान्य आहे असं नाही. ऑस्ट्रेलियाचे मेंदूशास्त्रज्ञ ब्रायन की यांनी २०१६ मध्ये ठामपणे मांडलं की वेदना जाणवायला मेंदूचा जो बाह्य थर लागतो तो माशाला नाहीच. त्यावर उत्तर आलं की तसा थर पक्ष्यांनाही नाही, तरी कोंबडीला दुखत नाही असं आज फारसं कुणी म्हणत नाही. २०२४ च्या न्यूयॉर्क जाहीरनाम्यात बऱ्याच शास्त्रज्ञांनी मिळून एवढं म्हटलं की सस्तन प्राणी आणि पक्ष्यांबाबत जाणिवेचा पुरावा भक्कम आहे, आणि माशांसह सगळ्याच पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांबाबत ती शक्यता खरीखुरी आहे.

आपल्या सायप्रिनसबद्दलचा एक जुना प्रयोग मला या वादापेक्षा जास्त बोलका वाटतो. नेदरलँड्समध्ये १९७० च्या आसपास तळ्यातल्या सायप्रिनस माशांवर गळ टाकून पाहिलं, तेव्हा एकदा गळाला लागून सुटलेला मासा पुढे वर्षभर गळाला लागायला नाखूश राहिला. एका अनुभवात शिकला आणि विसरला नाही. अशा जिवाला शंकेचा फायदा द्यावा असं मला वाटतं, विशेषतः जिथे त्यासाठी फारसा खर्च येत नाही तिथे. आणि शेततळ्यावर पुष्कळ गोष्टी तशाच आहेत.

सगळं पाण्यातच

पाळीव प्राण्याचं हित मोजायची एक जुनी चौकट आहे. १९६५ मध्ये ब्रिटनच्या एका सरकारी समितीनं तिची सुरुवात केली. भूक-तहान, गैरसोय, आजार-इजा आणि भीती यांपासून मुक्तता, शिवाय स्वभावाप्रमाणे वागायची मोकळीक. माशाच्या बाबतीत यातलं जवळपास सगळं पाण्याशी येऊन थांबतं. त्याचं घर म्हणजे एकच खोली, त्यातच चूल आणि त्यातच मोरी. ज्या पाण्यात तो श्वास घेतो त्याच पाण्यात खातो आणि त्यातच घाण करतो.

पहिला प्रश्न ऑक्सिजनचा. एक लिटर हवेत अडीचशे मिलिग्रॅमहून जास्त ऑक्सिजन असतो. एक लिटर पाण्यात तो मावतो जेमतेम सात ते नऊ मिलिग्रॅम. पाणी जितकं गरम तितका कमी: समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात सुमारे ९, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. त्यात नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, त्यामुळे इथे एप्रिल-मेच्या पाण्यात ही कमाल सातच्या आसपास येते. रोहू-कटल्याला निवांत जगायला लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर लागतो. तीनच्या खाली गेला की मासा खाणं टाकतो, आजाराला बळी पडतो. एकच्या खाली मरतूक सुरू.

आता हे सात-पाच-तीनचं गणित दिवसभर सारखं नसतं. तळ्याचं पाणी हिरवं दिसतं ते सूक्ष्म शेवाळामुळे. दिवसा ऊन असताना हे शेवाळ ऑक्सिजन तयार करतं, दुपारी तीन-चारला तो भरपूर असतो. सूर्य मावळला की कारखाना बंद, आणि तेच शेवाळ रात्रभर माशांबरोबर ऑक्सिजन ओढायला लागतं. पहाटे चार ते सूर्योदय ही सगळ्यात वाईट वेळ. शेतकरी तळ्यावर सकाळी आठ-नऊला येतो, तोवर परिस्थिती सावरलेली असते. त्यामुळे दररोज रात्री गुदमरणारं तळंही दिवसा पाहणाऱ्याला ठणठणीत वाटतं.

म्हणून एकदा तरी झुंजूमुंजूला बॅटरी न लावता तळ्यावर जाऊन उभं राहावं. पाण्यावर टपटप असे छोटे गोल उठत असतील, तोंडं वर काढून मासे चघळल्यासारखे करत असतील, पाणी येतं त्या पाइपाच्या कोपऱ्यात गर्दी असेल, आणि काठावर पाय आपटला तरी ते खाली जात नसतील, तर ऑक्सिजन संपत आलाय. सहसा चंदेरा (सिल्व्हर कार्प) आणि कटला आधी वर येतात. तळाशी राहणारे मृगळ आणि सायप्रिनसही वर दिसले तर वेळ फार थोडा उरलाय. पंगसचं मात्र वेगळं. तो मुळातच अधूनमधून वर येऊन हवा गिळतो, त्यामुळे त्याचं वर येणं रोजचंच असतं.

त्या वेळी काय करायचं? त्या दिवशीचं खाद्य बंद, शेण तर अजिबात टाकायचं नाही. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी सोडायचं, पण पाइप पाण्यात बुडवून नाही. जमिनीखालच्या पाण्यात स्वतःचाच ऑक्सिजन कमी असतो, म्हणून ते उंचावरून, शक्यतो पत्र्यावर आपटवत किंवा फवाऱ्यासारखं पाडायचं. तळ्यातलंच पाणी मोटरीनं उचलून परत वरून सोडलं तरी चालतं.

त्याआधीची खबरदारी याहून स्वस्त आहे. हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचा. कोपर बुडायच्या आतच तळहात दिसेनासा झाला तर शेवाळ जास्त झालंय. तबकडी वापरायची तर काळी-पांढरी रंगवलेली थाळी दोरीला बांधून सोडायची. ती २५ ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी व्हावी, त्याच्या आत नको. श्रावणात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा तर जास्तच जपायला हवं, कारण दिवसाची कमाईच होत नाही आणि रात्रीचा खर्च तेवढाच.

पाण्यात हवा मिसळणारा एअरेटर बसवणं हा चांगला उपाय आहेच. पण इथे एक गंमत आहे, आणि ती फार हसण्यासारखी नाही. रात्री-अपरात्री बिबट्याच्या भीतीत मोटर चालू करायला जायला नको म्हणून शेतकऱ्यानं वर्षानुवर्षं दिवसा वीज मागितली, आणि आता सौर फीडरवर ती दिवसा मिळायला लागली आहे. अगदी रास्त मागणी. माशाला वीज हवी असते पहाटे. शेतीची लाइन पहाटे नसेल तर एअरेटर काठावर शोभेला. ज्यांच्याकडे घराची सिंगल फेज लाइन तळ्यापर्यंत येते त्यांनी त्यावर चालणारा छोटा एअरेटर पाहावा. बाकीच्यांनी खरं तर मासेच एअरेटरशिवाय जगतील इतके सोडावेत.

दुसरी गोष्ट अमोनिया. मासा आपली घाण मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात सोडतो, आणि उरलेलं खाद्य कुजूनही तोच तयार होतो. किटमध्ये येतो तो एकूण अमोनियाचा आकडा. त्यातला घातक भाग किती हे पाण्याच्या पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे यावर ठरतं. साधारण २८ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एक टक्क्याहूनही कमी, ८ असेल तर सहा-सात टक्के, आणि ९ असेल तर चाळीस टक्क्यांच्या आसपास. हिरव्या पाण्याचा पीएच दुपारनंतर चढतो. म्हणजे सकाळी ज्या आकड्यावर निर्धास्त होता येतं, त्याच आकड्यावर संध्याकाळी माशाचे कल्ले होरपळत असतात. मोजायचं तर दुपारी चारला. आणि वाढलेला दिसला तर पहिला उपाय खाद्य कमी करणं. पेंड आणि कोंडा सढळ हातानं फेकण्यापेक्षा एका ट्रेमध्ये ठेवून दोन तासांनी किती उरलं ते पाहिलं की अंदाज येतो. कागदाच्या तळ्यात ही काळजी जास्त, कारण खाली घाण जिरवणारी माती नाही. ती काळी होऊन कागदावरच बसते आणि सडक्या अंड्यासारखा वास मारते. याच कागदामुळे तळाशी किडे-गांडुळं उकरून खाणाऱ्या मृगळ आणि सायप्रिनसलाही फारसं काही मिळत नाही, म्हणून अशा तळ्यात त्यांची संख्या मुळातच कमी धरावी.

उन्हाळा, बाग आणि आटत जाणारं तळं

नाशिकच्या शेततळ्याची खरी अडचण इथे आहे. मत्स्यपालनाच्या पुस्तकांत पाण्याची पातळी कायम धरलेली असते. इथे पाणी बागेचं आहे, मासा पाहुणा.

एक उदाहरण घेऊ. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, एकास एक उताराचं तळं. भरलेलं असताना त्यात सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी. त्यात ७०० मासे. मार्च-एप्रिलमध्ये बागेला पाणी देत देत ते एक मीटरवर आलं की खाली उरतात ६२५ घनमीटर. उंची एक तृतीयांश, पण बाजू उतरत्या असल्यानं पाणी त्याहूनही कमी. तोवर मासे वाढून सरासरी ८०० ग्रॅमचे झालेत असं धरलं, तर भरलेल्या तळ्यात हजार लिटरमागे पाव किलो मासा झाला असता, तिथे आता ९०० ग्रॅम. त्यातही उथळ पाणी तापतं, ऑक्सिजन कमी धरतं आणि घाण तेवढीच. म्हणजे मासा सगळ्यात मोठा, गर्दी सगळ्यात जास्त आणि पाणी सगळ्यात वाईट, हे तिन्ही एकाच वेळी जमून येतं.

यावर औषध नाही. एक तर सोडतानाच भरलेल्या तळ्याचं क्षेत्रफळ न पाहता एप्रिलमध्ये उरणाऱ्या पाण्याचा हिशोब करायचा, नाही तर पाणी उतरेल तसे मासे काढत जायचं. कागद फाटेल म्हणून जाळं ओढायला बरेच जण धजत नाहीत आणि शेवटच्या गुडघाभर चिखल-पाण्यात एकदमच सगळे मासे गोळा करतात. खालची दोरी आणि वजनं कापडानं गुंडाळलेलं जाळं वापरलं तर कागद वाचतो.

गर्दी वाईट, असं सरसकट मात्र म्हणता येत नाही. चिलापी हद्दीवरून भांडणारा मासा. थोडेच असले तर दांडगा नर बाकीच्यांना हाणत सुटतो, संख्या वाढली की ही भांडणं कमी होतात. उलट बायोफ्लॉकच्या टाकीत हजार लिटरला वीस-पंचवीस किलोची गणितं सांगितली जातात, तिथे सगळा जीव हवेच्या पंपावर टांगलेला. तासाभराची वीज गेली आणि इन्व्हर्टर नसला की टाकी संपली. थाई मांगूर हा मासा तर टोकाचं उदाहरण. तो हवेतून श्वास घेतो म्हणून कुठल्याही घाणीत खच्चून भरता येतो आणि तरी मरत नाही. त्याच्यावर भारतात २००० पासून बंदी आहे, ती स्थानिक मासे आणि पर्यावरणाच्या कारणानं. पण मरत नाही म्हणजे बरं चाललंय, हा समज किती पोकळ आहे ते त्याच्याकडे पाहून कळतं.

द्राक्षपट्ट्याची आणखी एक खासियत आहे, ती म्हणजे फवारणी. फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारणीचे ब्लोअर सुरू होतात, आणि नेमकं तेव्हाच तळं काठोकाठ भरलेलं असतं. बोर्डो मिश्रणातलं मोरचूद म्हणजे तांबं, ते माशाच्या कल्ल्यांना थेट बाधतं. सायपरमेथ्रिन किंवा लॅम्बडा सायहॅलोथ्रिनसारखी कीटकनाशकं तर माशासाठी लिटरमागे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागातही घातक ठरू शकतात. जनावराला, माणसाला तुलनेनं सौम्य म्हणून ती लोकप्रिय झाली, माशाचा त्यात विचार नव्हता. तळ्याच्या काठावर ब्लोअरची टाकी धुणं हे सगळ्यात मोठं पाप. वारा तळ्याकडे असताना शेवटच्या दोन-चार ओळी सोडून द्याव्यात. बांध उंच असावा, म्हणजे बागेतलं पावसाचं वाहतं पाणी तळ्यात उतरत नाही.

थंडीचं थोडक्यात. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तळ्याचं पाणी हवेइतकं गार होत नाही, तरी मासा थंड रक्ताचा, पाणी गारठलं की त्याचं पचन मंदावतं. तेव्हा नेहमीएवढं खाद्य टाकलं तर ते कुजणार. चिलापी आणि पंगस उबदार पाण्याचे, त्यांचे हाल जास्त. याच काळात अंगावर लाल चट्टे-जखमा पडण्याचा रोग येतो, म्हणून कडाक्याच्या थंडीत जाळं ओढून माशाचे खवले खरवडू नयेत.

बोटुकलीचा प्रवास

संख्येनं पाहिलं तर सगळ्यात जास्त मरण बाल्यावस्थेत आहे. मादी आपल्या वजनाच्या किलोमागे लाखाच्या घरात अंडी देते. जिऱ्याएवढ्या पिलांपासून मत्स्यबीज होईपर्यंत तिसरा हिस्सा वाचला तर लोक समाधानी असतात, आणि पुढे बोटुकली होईतो आणखी तिसरा हिस्सा जातो. निसर्गात याहून कितीतरी जास्त मरतात हे खरं. पण हॅचरीपासून, म्हणजे बीज तयार करणाऱ्या केंद्रापासून, तळ्यापर्यंतच्या प्रवासात जे मरतात त्यातले बरेच आपल्या घाईनं मरतात.

निघायच्या आदल्या दिवशी बीज उपाशी ठेवलेलं असावं, म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होत नाही. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या भर दुपारी पिकअपमध्ये उघड्यावर आणू नयेत. तळ्यावर पोहोचल्यावर पिशवी फोडून ओतायची नाही. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्यायची, मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्यायचं, आणि पिशवी आडवी करून पिलांना आपणहून बाहेर जाऊ द्यायचं. पहिल्या तासात मेलेलं बीज तळाशी जातं, दिसत नाही. "दुकानदारानं कमी मोजलं" असं वाटून पुढच्या वर्षी शेतकरी पाचशे जास्त सोडतो. त्या वर्षी कमी मेली तर तेच पाचशे उन्हाळ्यात गर्दी करतात.

आतापर्यंतच्या सगळ्या गोष्टींत शेतकऱ्याचं आणि माशाचं हित एकाच बाजूला आहे. मरतूक कमी, वाढ चांगली, खाद्य वाचतं. आंध्र प्रदेशात फिश वेल्फेअर इनिशिएटिव्ह ही संस्था शेतकऱ्यांबरोबर याच धोरणानं काम करते: पाणी नियमित मोजायचं, बिघाड दिसला की लगेच काय करायचं ते सांगायचं, मासे बेतानं सोडायचे. पटवायला सोपं आहे, कारण फायदा दिसतो.

शेवटची वीस मिनिटं

शेतकऱ्याच्या आणि माशाच्या हिताच्या वाटा फुटतात त्या इथे. काढलेला मासा क्रेटमध्ये किंवा काठावरच्या ताडपत्रीवर पडतो आणि हवेत गुदमरून मरतो. कधी थेट बर्फात जातो. २०२५ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासात, हवेत गुदमरून मरणाऱ्या ट्राउटला सरासरी दहा मिनिटं मध्यम ते तीव्र वेदना होत असाव्यात असा अंदाज मांडला आहे, कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त बावीस मिनिटं. ट्राउट नाजूक, त्याला भरपूर ऑक्सिजन लागतो. आपले रोहू आणि सायप्रिनस कमी ऑक्सिजनला पुरून उरणारे, म्हणून ते जास्त वेळ काढतात. बर्फात मासा झोपतो असा समज आहे. प्रत्यक्षात थंडीनं त्याची हालचाल थांबते आणि शरीराचा वेग मंदावतो, त्यामुळे शुद्ध हरपायला उलट वेळ लागू शकतो. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या जलचरांसाठीच्या नियमावलीत या दोन्ही पद्धती माशाच्या हिताच्या दृष्टीनं वाईट ठरवल्या आहेत आणि आधी मासा बेशुद्ध करावा असं सांगितलं आहे: डोक्यावर घाव घालून, मेंदूत टोकदार सळई घालून किंवा विजेच्या यंत्रानं.

विजेचं यंत्र आपल्या तळ्यावर येणार नाही, ते सोडून देऊ. लाकडी दांडकं येऊ शकतं. मासा ओल्या कपड्यानं घट्ट धरायचा, डोळ्यांच्या किंचित वर-मागे, कपाळावर एकच जोरदार घाव. बरोबर बसला की कल्ल्याची झाकणं उघडझाप करायची थांबतात. मासा आडवा-उभा फिरवून पाहावा. शुद्धीतला मासा डोळा आडव्या पातळीत ठेवायला बुबुळ फिरवतो, बेशुद्ध माशाचं बुबुळ डोक्याबरोबर जसंच्या तसं फिरतं. मग लगेच कल्ले कापून रक्त जाऊ द्यायचं. बाकीच्या माशांनी तोवर पाण्यातच, हाप्यात (पाण्यात टांगलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात) थांबायचं, जमिनीवर नाही.

यात शेतकऱ्याचा थोडा फायदा आहे. न तडफडलेल्या माशाचं मांस उशिरा ताठरतं, रक्त निघून गेल्यानं जास्त टिकतं. पण तो फायदा व्यापारी भावात देत नाही, ही अडचण. वेळेचा हिशोब मात्र वाटतो तितका भीतिदायक नाही. एका माशाला दहा सेकंद धरले तर वरच्या उदाहरणातल्या ७०० माशांना दोन तास, दोन माणसं असतील तर एक. ट्रकनं भरून जाणाऱ्या आंध्रातल्या तळ्यांवर हे जमणं कठीण, नाशिकच्या एका शेततळ्यावर शक्य आहे.

कायदा म्हणाल तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव प्राणी, म्हणजे मासाही आलाच. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. त्यात किलोभर चिलापीही येणार नाही. तेव्हा कायद्याच्या धाकानं कुणी दांडकं हातात घेईल असं समजण्यात अर्थ नाही.

मागणी आली तर घेईल. बर्फात बाहेरून आलेल्या रोहूचं काय झालं होतं हे शहरातल्या बाजारात कुणालाच सांगता येणार नाही, आणि रस्त्याकडेच्या टबात अर्धमेली फिरणारी पंगस 'ताजी' म्हणून मागणारे आपणच असतो. गावाकडच्या तळ्यावरून मासे घेणाऱ्याला मात्र दोन गोष्टी करता येतात. चार घरांनी मिळून दोन दिवस आधी मागणी सांगायची, म्हणजे शेतकऱ्याला आदल्या दिवशी खाद्य बंद करून लागतील तेवढेच मासे काढता येतात. आणि मासा मारून, रक्त काढून द्या असं सांगून त्याचे किलोमागे थोडे जास्त द्यायचे. थंडी ओसरल्यावर फेब्रुवारीपासून दर आठवड्याला असे चाळीस-पन्नास मोठे मासे निघत राहिले, तर एप्रिलच्या शेवटी, तळं एक मीटरवर येईल तेव्हा, त्यात सातशेच्या जागी शंभर-दीडशेच मासे असतील.